तेरा नंबरची गोटी: ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये पडलेली वस्तू काढण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

चोपडा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याकडचं एक गाव. दोन भावांची एकत्र शेती, थोडी केळी, बाकी बागायती कापूस आणि मका. घरी बारा-तेरा वर्षं वापरलेला एक ट्रॅक्टर. घरची मशागत आटोपली की तोच गावात तासाच्या भाड्याने रोटाव्हेटर मारतो आणि त्या पैशातून बियाणं-खताचा खर्च निघतो. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हा ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला, तरी घरात तो दिवस मोजला जातो.

गावाचं आणि माणसांचं नाव मी गाळलं आहे. थोरल्या भावाला आप्पा म्हणू, धाकट्याला नाना. तिसरा, आप्पांचा मुलगा, कॉलेजात शिकणारा आणि सुट्टीत ट्रॅक्टर सांभाळणारा. मी या पट्ट्यात बरीच वर्षं ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो. हे प्रकरण लिहायचं कारण एवढंच की अशी चूक कोणाच्याही हातून होते. ट्रॅक्टरचं मोठं नुकसान मात्र चुकीनंतरच्या पहिल्या तासात होतं, आणि तो तास कसा घालवायचा हे फारसं कोणी सांगत नाही.

ट्रॅक्टरची रचना आधी समजून घ्यावी लागेल. या बनावटीत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक या सगळ्यांचं तेल एकच. सीटखाली लिफ्टचं, म्हणजे मागची अवजारं उचलणाऱ्या यंत्रणेचं, जड टॉप कव्हर, त्याच्याखाली बीडाच्या खोक्यात तेलात बुडालेला हायड्रॉलिकचा पंप, आणि त्याच्या लगेच मागे डिफरन्शियलची क्राऊन, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चाक. मध्ये भिंत नाही. तेल भरायचं तोंड सीटच्या पुढ्यात, साधारण दीड इंचाचं. त्या तोंडातून जे आत पडेल ते पंपाजवळ थांबेल की मागे क्राऊनकडे जाईल, हे नशिबावर असतं.

अडचण

लिफ्ट उचलायला वेळ लावत होती. डिपस्टिक पाहिली तर तेल कमी. मुलाने तेल भरायला झाकण उघडलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सीटच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट सैल आहे. ८ मिमीचा बोल्ट, त्याला १३ नंबरचा पाना लागतो. त्याने रॅचेटला तेरा नंबरची गोटी लावली. गोटी म्हणजे सॉकेट. आमच्याकडे सॉकेट कोणी म्हणत नाही. रॅचेटच्या टोकाला गोटी धरून ठेवणारा जो छर्रा असतो, तो झिजलेला होता. बोल्ट आवळून रॅचेट उचललं आणि गोटी निसटली. कव्हरवर एकदा टण्ण वाजली, घरंगळली आणि उघड्या तोंडातून आत गेली.

मुलगा गप्प राहिला. बापाचा आणि काकाचा राग त्याला माहीत होता, शिवाय पेरणीचे दिवस. त्याने वायरला वाकवून आत घालून पाहिली, हाताला काही लागलं नाही. झाकण लावलं. तासाभराने नानांनी दोन गडी बोलावले आणि रोटाव्हेटर जोडायला जागा व्हावी म्हणून ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ढकलत शेडबाहेर दहा-बारा फूट आणला. मग नाना सीटवर बसले, चावी लावली, आणि तेवढ्यात मुलगा ओरडला, "काका, स्टार्टर मारू नका, आत गोटी पडलीय!"

त्या ओरडण्याने ट्रॅक्टर वाचला. फोन आला तेव्हा मी धरणगावकडे दुसऱ्या कामावर होतो. नाना म्हणाले, "मिस्तरी, आते काय करानं?" मी तीन गोष्टी सांगितल्या: चावी काढून खिशात ठेवा, बॅटरीची वायर सोडा, आणि मी येईपर्यंत चाकाला हात लावू नका. बॅटरीची वायर सोडायला सांगितली ती चुकून कोणी सवयीने स्टार्टर मारू नये म्हणून. घरात चार माणसं असली की पाचव्याला काय झालंय ते ठाऊक नसतं.

ढकलल्याचं मात्र मला फोनवर कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

समोर असलेले पर्याय

मी पोचलो तोवर शेडपाशी सात-आठ माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता.

पहिला सल्ला शेजारच्या एका जाणत्या शेतकऱ्याचा: चालू द्या, गोटी तळाला जाऊन बसेल, पंपाला जाळी आहे, आत काही जात नाही. यातलं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. पंपाच्या तोंडाला गाळणी असते आणि अठरा मिमी जाडीची गोटी त्यातून जाणं शक्य नाही. पंप वाचेल. पण गोटी ही क्रोम-व्हॅनेडियमची, कडक पोलाद. तळाला ती एका जागी बसून राहत नाही. तेल उसळतं, ट्रॅक्टर चढ-उतारावर कलतो, ती सरकते. क्राऊन आणि तिला फिरवणारं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, यांच्या दातांमध्ये एकदा सापडली की दात तुटतो, आणि तुटलेल्या दाताचा तुकडा मग दुसरा दात तोडतो. तेव्हा ट्रॅक्टर मधून फोडावाच, म्हणजे दोन भागांत सोडवावाच लागतो.

दुसरा पर्याय टॉप कव्हर उचलण्याचा. आतलं सगळं डोळ्यांना दिसतं, हात सगळीकडे पोचतो. पण कव्हर जड, चेनपुलीशिवाय उचलता येत नाही, आणि ते काढलं की लिफ्टच्या कंट्रोलचे दांडे सुटतात. परत बसवताना पोझिशन (अवजाराची उंची) आणि ड्राफ्ट (अवजारावरची ओढ) यांचं सेटिंग नव्याने लावावं लागतं. उघड्या शेडमध्ये, जूनच्या वाऱ्यात, ते खोकं तासन्‌तास उघडं ठेवायचं म्हणजे आत वावरातली धूळ बोलवायची. हायड्रॉलिक १५० ते २०० बारच्या दाबावर काम करतं; ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये हवा असते एक-दीड बारची. एवढ्या दाबावर चालणाऱ्या पंपाच्या आत केसाहून बारीक फट असते. तिथे रेतीचा कण गोटीइतकाच वाईट.

तिसरा, तेल भरायच्या तोंडातून लोहचुंबक सोडून गोटी ओढणं. स्वस्त, लगेच करता येणारं.

चौथा, तेल काढून बाजूची प्लेट उघडणं. या बनावटीत खोक्याच्या बाजूला बोल्टांनी आवळलेली एक प्लेट असते, तळहात आत जाईल एवढी. ती काढली तर कंट्रोलच्या दांड्यांना हात लागत नाही, फक्त गॅस्केट, म्हणजे जोडातून तेल गळू नये म्हणून मध्ये लावायचा कागद, नवी लागते.

आप्पांचा कल पहिल्या पर्यायाकडे होता असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी तो दोनदा विचारला. दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याचं रोटाव्हेटरचं काम ठरलेलं होतं. मी त्यांना सांगितलं, तिसऱ्यापासून सुरू करू, नाही जमलं तर चौथा, आणि टॉप कव्हर शेवटी.

प्रत्यक्ष काय केलं

सगळ्यात आधी मी मुलाला बाजूला घेतलं. त्याला दोष द्यायचा नव्हता, माहिती हवी होती. किती नंबरची गोटी, छोटी की लांब, चुंबकाला चिकटते का? त्याच सेटमधली बारा नंबरची चुंबकाला लावून पाहिली, चिकटली. आत पडताना कसा आवाज आला? तो म्हणाला, आधी टण्ण, मग आतून पुन्हा एकदा लोखंडावर आपटल्यासारखं, आणि पाण्यात खडा पडल्यासारखं काही ऐकू आलं नाही. हे महत्त्वाचं होतं. तेल कमी होतं म्हणजे गोटी थेट तेलात न पडता वरच कशावर तरी अडकली असावी. आणि मग, जाता जाता, त्याने सांगितलं की त्यानंतर ट्रॅक्टर ढकलला.

इथे माझा अंदाज बदलायला हवा होता. बदलला नाही. मी आधी ठरवल्याप्रमाणे चुंबक सोडायला लागलो.

त्यात जवळजवळ एक तास गेला. स्प्रिंगच्या लवचीक काडीवरचं चुंबक आत गेलं की ते सरळ खाली जातच नाही. आत चारी बाजूंनी बीड आणि पोलाद. चुंबक पहिल्या भिंतीला चिकटतं, सोडवलं की दुसऱ्या दांड्याला. जमलेल्यांपैकी एकाने जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून आणलं. मी ते सोडू दिलं नाही. स्पीकरचं चुंबक ठिसूळ असतं, आपटलं की टवके उडतात, आणि दोरी सुटली तर आत दोन वस्तू.

मग तेल काढायचं ठरलं. एरवी तेल काढण्याआधी ट्रॅक्टर थोडा चालवून ते गरम करतात म्हणजे पातळ होऊन पटकन वाहतं. इथे ट्रॅक्टर सुरू करता येत नव्हता, पण दुपारचे दोन वाजले होते आणि खान्देशातलं जूनचं ऊन त्या कामाला पुरलं. लिफ्ट पूर्ण खाली घेतली, चाकांना पुढून-मागून ओंडके लावले, ड्रेन प्लग काढला. तेल दोन-तीन घासलेल्या, झाकणाच्या टाक्यांमध्ये धरलं, तोंडावर धुतलेल्या धोतराचा दुहेरी कपडा बांधून. प्लगच्या चुंबकावर नेहमीचा काळा लेप होता, चकाकते तुकडे नव्हते. आप्पांचा चेहरा तिथे पहिल्यांदा सैल झाला. तेल नुकतंच मागच्या हंगामात बदललेलं, दुधाळ झालेलं नव्हतं, म्हणजे त्यात पाणी नव्हतं. परत वापरता येणार होतं.

तेल काढल्यावर तोंडातून मोबाइलला जोडायचा वायरचा कॅमेरा आत सोडला. पंप दिसला, गाळणी दिसली, पंपाच्या भोवतीचा तळ दिसला. गोटी नाही. तेव्हा ढकलल्याची गोष्ट मला नीट लागली. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये असला तरी मागचं चाक फिरलं की क्राऊन फिरते आणि तिच्याबरोबर पिनियन फिरतो. गिअर लावलेला नाही म्हणजे मागे काही फिरत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं; ते खरं नाही. दहा-बारा फुटांत मागचं चाक एक पूर्ण फेराही घेत नाही, पण तेवढ्यात पिनियन चार-पाच वेळा तरी फिरतो. वर अडकलेली गोटी क्राऊनने मागे नेली असणार.

बाजूची प्लेट उघडण्याआधी तिच्याभोवतीची माती ब्रशने झाडली, मग डिझेलच्या फडक्याने पुसली. बोल्ट काढले, प्रत्येक बोल्ट डब्यात टाकला आणि संख्या मुलाला मोजायला लावली. आत हात घालण्याआधी सगळ्यांना पुन्हा सांगितलं की चाकाला कोणी टेकायचं नाही. कॅमेरा बाजूने मागे वळवला आणि गोटी दिसली. क्राऊनच्या खाली, तळाच्या एका कडेला टेकून, तोंड आमच्याकडे. दातांपासून बोटभर अंतरावर.

हात तिथे पोचत नव्हता. चुंबकाची काडी वाटेतच क्राऊनला चिकटत होती. मी नानांना विचारलं, ठिबकची कोरी लॅटरल, म्हणजे पाण्याची बारीक नळी, आहे का, ड्रिपर नसलेली. केळीच्या वावरासाठी आणलेलं सोळा मिमीच्या लॅटरलचं भेंडोळं शेडमध्येच पडलं होतं. दोन हात तुकडा कापला, आतून धुऊन वाळवला, आणि चुंबकाची काडी त्यात अशी ओवली की चुंबक नळीच्या तोंडापासून इंचभर आत राहील. आता प्लास्टिक भिंतींना लागत होतं, चुंबक नव्हतं. लॅटरल गुंडाळलेली असल्यामुळे तिला मूळचाच बाक असतो. तो बाक क्राऊनच्या खालून वळायला बरोबर उपयोगी पडला. ड्रिपरवाली नळी चालली नसती, काडी आतल्या ड्रिपरला अडकली असती आणि एखादा सुटून आत पडला असता.

मुलाने कॅमेरा धरला, मी नळी सरकवली. नळीचं तोंड गोटीशी टेकल्यावर काडी पुढे ढकलली. टक. पहिल्यांदा कडेवरून ओढताना सुटली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी ती थेट बाहेर न ओढता आधी बाजूला, पंपाकडच्या मोकळ्या तळावर आणली, आणि तिथून दोन बोटांनी उचलली. गोटीच्या कडेवर चकाकणारा ताजा ओरखडा होता, नखाच्या टोकाएवढा. क्राऊन तिला लागली होती.

त्या ओरखड्यामुळे आणखी एक निर्णय घ्यावा लागला. गोटी मिळाली, बंद करा, असं सगळे म्हणत होते. पण ज्या दाताने ओरखडा उठवला तो दात पाहिल्याशिवाय प्लेट लावायला माझं मन तयार नव्हतं. पुढच्या चाकांचे ओंडके पक्के केले, मागचं एकच चाक जॅकवर उचलून खाली ठोकळे लावले, दुसरं जमिनीवर ओंडक्यात अडकवून ठेवलं. एकच चाक का, ते सांगतो. दोन्ही मागची चाकं उचलली तर एक पुढे फिरवताच डिफरन्शियल दुसऱ्याला उलटं फिरवतं आणि क्राऊन जागीच राहते. एक चाक अडवलेलं असलं तरच दुसऱ्याबरोबर क्राऊन फिरते. नानांनी चाक वीतभर फिरवायचं, थांबायचं, हात काढायचा; मग मी कॅमेऱ्यात दात पाहायचे. दिसले तेवढे सगळे दात पाहून झाले. एका दाताच्या कडेला नुसता घासल्याचा माग होता, टवका किंवा चीर नव्हती.

गॅस्केट बाजारातून कागद आणून कापली. आतला तळ पुसायला वेस्टचा, म्हणजे सुती धाग्यांचा, गोळा वापरला नाही. त्याचे धागे सुटून पंपाच्या गाळणीला चिकटतात. मुलाने बोल्ट मोजून परत दिले, ते समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. तेल पुन्हा गाळून भरलं, चार लिटर नवं घातलं. ट्रॅक्टर कमी रेसवर सुरू करून लिफ्ट रिकामीच आठ-दहा वेळा वर-खाली केली म्हणजे अडकलेली हवा निघून जाते, मग लिफ्ट खाली ठेवून डिपस्टिक पाहिली.

निष्पत्ती

संध्याकाळी साडेसातला ट्रॅक्टर शेडमध्ये परत गेला, या वेळी इंजिनवर. माझी मजुरी, गॅस्केट आणि तेल धरून खर्च तीन हजारांच्या आत राहिला. दुसऱ्या दिवशीचं भाड्याचं काम मी एक दिवस पुढे ढकलायला लावलं आणि आधी घरच्या शेतात दोन तास चालवून प्लेटभोवती तेल झिरपतं का ते पाहायला सांगितलं. झिरपलं नाही. लिफ्ट आता वेळेत उचलत होती, तिला मुळात तेलच कमी पडत होतं. आणि तेल का कमी झालं होतं, तर मागच्या एका सीलमधून गळती होती. ती पेरण्या झाल्यावर काढली. तेव्हा ड्रेन प्लगचं चुंबक पुन्हा पाहिलं, नेहमीचा लेप सोडून काही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

झाकण उघडं असताना त्याच्या आसपास दुसरं कोणतंही काम नको, हे उघड आहे. पण हाताशी असलेल्या कामात माणूस हे विसरतो. म्हणून तोंडावर मोठं फडकं टाकावं. मोठं म्हणजे सबंध आत जाऊ शकणार नाही असं. चिंधी टाकली तर तीच आत जाते. आणि छर्रा झिजलेलं रॅचेट ट्रॅक्टरच्या वर वापरू नये, ते फेकून द्यावं.

माझी चूक फोनवरची. "चाकाला हात लावू नका" म्हणण्याआधी "हलवलाय का?" हे विचारायला हवं होतं. उत्तर हो असतं तर चुंबकाचा तो तास मी वाया घालवला नसता. सरळ तेल काढून बाजूची प्लेट घेतली असती. मुलाने सांगितल्यावरही मी ठरलेला क्रम सोडला नाही, हे त्याहून वाईट.

टॉप कव्हर शेवटी ठेवण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. पण कॅमेऱ्यात गोटी दिसली नसती, किंवा दाताला टवका दिसला असता, तर त्याच संध्याकाळी कव्हर उचललं असतं, पेरणी असो वा नसो. वस्तू पितळेची, तांब्याचं वॉशर किंवा रबराची असती तर चुंबकाचा उपयोगच नव्हता. तेव्हाही तेल काढून बाजूने जाणं हाच पहिला मार्ग.

आणि मुलाचा तो गप्प राहिलेला तास. आप्पांनी त्या दिवशी त्याला एका शब्दाने बोललं नाही, उलट कॅमेरा त्याच्याच हातात दिला, हे मला फार बरं वाटलं. घरात असं वातावरण त्या सकाळीही असतं, तर तो लगेच बोलला असता आणि ट्रॅक्टर शेडमध्येच उभा राहिला असता. मी माझ्या गॅरेजवरच्या पोरांना आता कामाला लावतानाच सांगतो की काही आत पडलं तर पहिल्यांदा ओरडा, रागावणार नाही. आणि ते मी पाळतो.

कोऱ्या लॅटरलचा दोन हात तुकडा माझ्या पेटीत कायम असतो, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावलेला, आत धूळ जाऊ नये म्हणून.